होऊन जाईल

मराठीत वचन देण्याच्या पुष्कळ तऱ्हा आहेत. परंतु कारागिराच्या तोंडी जी असते तिच्याकडे वैयाकरणांनी द्यावे तसे लक्ष दिलेले नाही. तो 'करीन' असे सहसा म्हणत नाही. 'करतो' म्हणतो. रूप वर्तमानकाळाचे, आशय भविष्याचा, आणि ऐकणाऱ्याला वाटावे की रंधा आत्ताच फिरू लागला आहे. दुसरी पायरी 'होऊन जाईल' ही. येथे कर्ताच नाहीसा होतो. काम आपले आपण होणार. मिस्त्री आणि आपण दोघेही त्याचे साक्षीदार. तिसरी पायरी 'झालंच समजा'. क्रिया भूतकाळात जाऊन पडली, आणि ती पडली असे समजण्याची जबाबदारी आपल्यावर आली. चौथी पायरी मौनाची. फोन वाजतो आणि वाजून थांबतो.

या चारही पायऱ्या मी आठ महिन्यांत ओळीने उतरलो. काम तसे लहान होते. हसनाबादला आमच्या घरी आई रोज ज्ञानेश्वरी वाचते. प्रत मोठ्या टायपाची, म्हणून वजनदार. मांडीवर धरून वाचताना मान सतत वाकलेली राहते आणि वयाच्या ऐंशीत ती मान रात्री त्रास देते. तिला हवी होती ठवणी: पोथी ठेवायची, कात्रीसारखी उघडणारी आणि मिटली की सपाट होणारी लाकडी घडी. आमच्या गावात ही वस्तू दोन नावांनी ओळखली जाते. वारकऱ्याच्या घरी ती ठवणी, मुसलमानाच्या घरी रेहल. ग्रंथ वेगळे, सांधा एकच.

त्या सांध्यात सारी गंमत आहे. चांगली ठवणी एकाच फळीची असते; तिला खिळा नाही, बिजागरी नाही, डिंक नाही. फळीवर आडवी रेघ आखून त्या रेघेवर एकाआड एक दाते पटाशीने दोन्ही बाजूंनी गोलसर कोरायचे आणि मग दोन्ही टोकांकडून फळीच्या जाडीतून उभी करवत त्या दात्यांपर्यंत आणायची. सारे जुळले तर एका फळीची एकमेकींत गुंतलेली दोन पाने होतात आणि ती पुन्हा कधी सुटी होत नाहीत. न जुळले तर हाती सरपण उरते. फळीत गाठ चालत नाही, लाकडाचे तंतू सरळ लागतात, आणि करवत सुताभर जरी कलली तरी दाता तुटतो. हे ज्याला येते असा मिस्त्री पंचक्रोशीत एकच, असे चार जणांनी सांगितले. पाडव्याला त्याच्या हाती हजार रुपये इसार ठेवला. आषाढीच्या आत देतो म्हणाला. 'करतो', अर्थात.

'सुताराचे मन बाभळीपाशी' अशी आपल्याकडे म्हण आहे. आता ते प्लायवूडपाशी असते. छत्रपती संभाजीनगरच्या नव्या इमारतींत स्वयंपाकघराची कपाटे बसवण्याचे काम महिनोन्‌महिने मिळते, रोज ठरलेला असतो, आणि पटाशीला हातही लावावा लागत नाही. आमचा मिस्त्री बहुधा तिकडेच असावा. यात त्याला दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. एका ठवणीत त्याचे दोन दिवस जाणार आणि मिळणार अडीच हजार.

त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. बलुतेदारीविषयी लिहायला बसणारा प्रत्येक मराठीचा मास्तर त्याकडे वळतो, तसा मीही वळलो. हसनाबाद तेव्हा, आणि पुढे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, निजामाच्या राज्यात होते; पण तिफण-वखराची दुरुस्ती आणि खळ्यावरचे धान्य हा व्यवहार इकडेही ओळखीचाच. त्या व्यवहारात मोबदला कामाच्या मागून येई. सुताराने वर्षभर औते सांभाळायची आणि सुगीला आपला वाटा उचलायचा. नवी गाडी, दाराची चौकट असले काम मात्र बलुत्याबाहेरचे. त्याचे वेगळे ठरवावे लागे. म्हणजे माझी ठवणी बलुत्याच्या काळातही वेगळ्याच हिशेबात गेली असती. तरी सुतार गावातच असता आणि रोज दिसला असता. 'गाठ पडणे' ही गोष्ट तेव्हा फोनवर अवलंबून नव्हती.

त्या व्यवस्थेविषयी हळहळ करण्याचे मात्र कारण नाही. ज्या बांधिलकीमुळे सुतार हाताशी असे, तिनेच त्याला जातीला आणि गावाला जखडले होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते याच जखडण्याच्या सर्वांत क्रूर रूपाविरुद्ध. फोन न उचलण्याचे स्वातंत्र्य हेही स्वातंत्र्यच आहे. ते माझ्या वाट्याला गैरसोय म्हणून आले इतकेच.

कायदा शिकवणाऱ्या एका स्नेह्याने सांगितले की १८७२ च्या करार कायद्याचे पंचावन्नावे कलम मुदतीविषयीच आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जालन्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. एवढ्या रकमेला शुल्कही पडत नाही. मी हसलो. हजार रुपयांसाठी जालना गाठणे शक्य आहे, पण आयोग फार तर पैसे देववील. पंचक्रोशीतला एकुलता हात तो कोठून देववणार? सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी अठरा व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली, तीत सुतारकाम आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांचे साहाय्यही आहे. अवजार मिळेल, ठवणी मागणारे गिऱ्हाईक किती उरले, हा निराळा प्रश्न.

या काळात मला नरहरी सोनाराची कथा वारंवार आठवली. विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायचा, पण नरहरी कट्टर शैव; देवळात पाऊल टाकायला तयार नाही. सावकार माप आणून देतो, करगोटा कधी सैल होतो, कधी आखूड. अखेरीस डोळे बांधून नरहरी मूर्ती चाचपतो आणि त्याला हाताखाली शिव लागतो. कीर्तनकार ही कथा हरिहरांच्या ऐक्यासाठी सांगतात. मी ती गिऱ्हाइकाच्या बाजूने वाचतो. सावकार पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी नरहरी दुकानात असतो. चुकलेला दागिना परत घेतो, नवे माप मागतो. देवाचे तोंड पाहायचे नाही असा त्याचा पण होता. गिऱ्हाइकाचे तोंड त्याने कधी टाळले नाही.

दिवाळीनंतर मी मिस्त्रीला निरोप धाडला: 'होत नसेल तर तसे कळवा. इसार परत नको. आई दुसरी सोय पाहील.' तिसऱ्या दिवशी उत्तर आले. 'सर, दोन फळ्या फुटल्या. तिसरी वाळू घातली.'

आईला वाचून दाखवले. तिने फळी कशाची ते विचारले. सागवानच असणार, म्हणालो. सध्या पोथी पाटावर असते आणि पाट दोन उशांवर. तिचा नववा अध्याय चालू आहे. मान खरी भरून येते ती अठराव्यात, तिथल्या ओव्या अठराशेंच्या वर आहेत. आणि तिच्या गतीने तिथवर जायला उन्हाळा उजाडेल. तोपर्यंत लाकूड वाळायला हरकत नाही, असे तिचे मत पडले.