कष्टाचे शरीर आणि पेन्सिलीची रेघ

चित्रात राजा-राणी, नट-नटी शोभतात; घमेले वाहणारी बाई कशाला, असे अजूनही म्हटले जाते. डॉ. सुधीर पटवर्धन यांनी ते मानले नाही. १९४९ साली पुण्यात जन्मलेले हे चित्रकार २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ होते. शरीर आतून ओळखणारी ती नजर त्यांच्या रेखाटनांत आणि १९८० च्या ‘ट्रेन’सारख्या चित्रांत दिसते. त्यांची माणसे लोकलमधली, रस्त्यावरची, कामावरची. ती नटवलेली नाहीत, तशीच दीनवाणीही नाहीत.

माणूस काढताना नाकडोळ्यांआधी भार पाहावा. एका पायावर उभे राहिले की त्या बाजूची कंबर वर येते, खांदा खाली झुकतो. गळ्याच्या खळगीतून धरलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पायाजवळ येतो. ओळंबा तर आपल्या गवंडी बांधवांच्या रोजच्या हातातला! ही विद्या आपल्याला परकी नाही.

वाचकहो, आम्हा सोनारीकरांच्या डोळ्यांपुढे उसाची मोळी उचलणारी माणसे आहेत. मुलाने वहीच्या मागच्या पानावर तशी आई रेखाटली, तर रागावू नका. त्याने तिचे कष्ट नीट पाहिले आहेत. त्याला एक चांगली पेन्सिल आणून द्या.