तेल पाहून सोडा

घरी साबण करण्याचा नाद आम्हांस लागून आता बरीच वर्षे झाली. आमचे गाव खानापुराकडचे, स्वयंपाकास शेंगतेल. खोबरेल गोव्याच्या आप्तांकडून येते व साबण आम्ही त्याचाच करीत असू. एक किलो खोबरेलास १७४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, हे प्रमाण कपाटाच्या दारावर लिहून ठेवले होते. ते कधी चुकले नव्हते.

एका वर्षी नाताळापूर्वी खोबरेल अर्धाच किलो निघाले. उरलेला अर्धा किलो आम्ही शेंगतेलाने भरून काढला. सोडा मात्र १७४ ग्रॅमच घेतला. तेल ते तेल, वजनही तेवढेच, मग हिशेब कशास बदलावा? वड्या देखण्या झाल्या. महिनाभर मुरवून त्या आम्ही मोठ्या अभिमानाने शेजारी वाटल्या. तिसऱ्या दिवशी थोरल्या वहिनींचे हात दृष्टीस पडले. ते लाल झाले होते, बोटांची पेरे चिरली होती. "साबण जरा उग्र आहे, भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या. त्या सायंकाळी आम्ही घरोघर जाऊन वड्या परत मागून आणल्या. देताना ताठ असलेली मान मागताना खाली होती.

चूक कोठे झाली? गावठी हरभरा व टपोरा काबुली हरभरा किलो किलो तोलला, तर वजन सारखे भरते, पण दाणे गावठीचे अधिक असतात. तेलांचेही तसेच आहे. खोबरेलाचे कण लहान, म्हणून तेवढ्याच वजनात ते अधिक. आणि प्रत्येक कणास सोड्याचा ठरावीक वाटा लागतो. किलोभर खोबरेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम शुद्ध सोडा लागतो, शेंगतेलास सुमारे १३६ आणि एरंडेलास सुमारे १२८. आमच्या मिश्रणात १६० ग्रॅमच खपणार होता. उरलेला सुमारे १४ ग्रॅम वहिनींच्या हातांनी भोगला.

तेलांचे गुणही निराळे. खोबरेलाचा साबण कठीण होतो व भरपूर फेस देतो, परंतु त्वचा कोरडी करतो. शेंगतेलाचा मऊ व सौम्य, पण फेस बेताचा. एरंडेल थोडे घातले तर फेस टिकतो. अधिक झाल्यास वडी चिकट होते.

आता आम्ही प्रत्येक तेल वेगळे तोलतो, प्रत्येकाचा सोडा वेगळा काढतो आणि बेरजेतून शेकडा ५ भाग कमी करतो. अर्ध्याअर्ध्या मिश्रणास तो सुमारे १५२ ग्रॅम भरतो. एकाच जातीच्या तेलांतही थोडाफार फरक असतो. तेल किंचित उरले तर त्वचेस बाधत नाही, सोडा उरला तर जाळतो. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. भांडे अॅल्युमिनियमचे नसावे, हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असावा, मुले दूर ठेवावी.

कपाटावरील तो जुना आकडा आम्ही पुसून टाकला आहे. प्रत्येक घाण्यातील पहिली वडी आता आठवडाभर आम्हीच वापरतो. मगच दुसरी वहिनींच्या हाती देतो.