विज्ञानाचा पाठ आणि संकल्पनांचा नकाशा

लखनौच्या गोमती नगरमधील उपविभागांना 'खंड' म्हणतात आणि त्यांपैकी जवळजवळ सर्वांची नावे 'व' या अक्षराने सुरू होतात. विकास खंड, विवेक खंड, विनय खंड, विपुल खंड, विराम खंड, विश्वास खंड, विभूती खंड अशी ही मालिका आहे. नावे ठेवणाऱ्याची रसिकता वाखाणण्यासारखी असली तरी नवख्या माणसाची त्यामुळे पुरती तारांबळ उडते. आठ-दहा नावे सहज पाठ होतात, परंतु विनय खंडाला लागून कोणता खंड आहे, पत्रकारपुरम चौकातून कोठे वळावे, हे त्या पाठांतरातून कळत नाही. नाव माहीत असणे आणि दोन नावांमधला रस्ता माहीत असणे ही दोन वेगळी ज्ञाने आहेत. आपल्या शाळांमधील विज्ञान बहुतांशी पहिल्या प्रकारचे आहे, असे मला बऱ्याच वर्षांपासून वाटत आले आहे.

याचा प्रत्यय एका शासकीय पाहणीच्या निमित्ताने आला. उच्च प्राथमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांच्या पाठ-नियोजनाच्या डायऱ्या चाळण्याचे काम माझ्याकडे होते. दिनांक, प्रकरण, उद्दिष्टे, साहित्य, गृहकार्य असे रकाने नीट आखलेले, अक्षर सुवाच्य, खाली मुख्याध्यापकांची स्वाक्षरी. प्रशासनाच्या दृष्टीने त्या निर्दोष होत्या. परंतु शिक्षकाच्या मनात तो विषय कसा मांडलेला आहे, कोणती कल्पना कोणत्या कल्पनेवर उभी आहे, हे त्यातल्या एकाही पानावरून समजत नव्हते. एका ज्येष्ठ शिक्षकांना मी हे बोलून दाखवले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, डायरी तो हम जाँच के लिए लिखते हैं, पढ़ाने के लिए नहीं।" या उत्तरात उद्धटपणा मुळीच नव्हता. व्यवस्थेने जे मागितले ते त्यांनी दिले होते, एवढेच.

याच सुमारास काही तरुण शिक्षकांनी संगणकावर काढलेले संकल्पना-नकाशे मला दाखवले. ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या विज्ञानविषयक समजुतींचा अभ्यास करीत होते. मुलांच्या मुलाखतींची शेकडो पाने जमली, पण त्यांतून मुलांच्या समजुतीत नेमका काय बदल झाला हे हाती लागेना. तेव्हा १९७२ मध्ये त्यांनी मुलांच्या बोलण्यातील संकल्पना चौकटींत लिहून त्या बाणांनी जोडल्या आणि प्रत्येक बाणावर जोडणारे शब्द लिहिले. या कामामागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार होता. विद्यार्थ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, यावर त्याचे पुढचे शिकणे सर्वाधिक अवलंबून असते, हे त्यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात ठामपणे मांडले होते.

या पद्धतीचे मर्म चौकटींत नाही, बाणावरच्या शब्दांत आहे. 'सूर्य' आणि 'बाष्पीभवन' या दोन चौकटी कोणीही काढील. पण मधल्या बाणावर काय लिहायचे, 'कारणीभूत होतो', 'वेग वाढवतो' की 'उष्णता पुरवतो', हे ठरवताना विचार करावाच लागतो. दोन चौकटी आणि मधले शब्द मिळून एक पूर्ण विधान तयार होते, आणि विधान खरे किंवा खोटे असू शकते. रकान्यात लिहिलेला 'जलचक्र' हा शब्द मात्र कधीच खोटा ठरत नाही. म्हणूनच डायरी तपासणे सोपे आणि नकाशा तपासणे अवघड.

त्या शिक्षकांपैकी एकाने 'नदी आणि पाणी' या विषयाच्या चार तासिकांसाठी नकाशा केला होता. नदी आमची, म्हणजे गोमतीच. एका चौकटीत 'हिमालय', दुसऱ्यात 'गोमती' आणि मधल्या बाणावर 'से निकलती है'. नकाशा इंटरनेटवर सर्वांना खुला होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेतील सहकाऱ्याने त्या बाणाशेजारी एक प्रश्नचिन्ह टाकले. शोधाशोध झाली. गोमतीचा उगम हिमालयात नाही. ती तराई प्रदेशात, पिलीभीत जिल्ह्यातील माधोटांडाजवळच्या तळ्यातून निघते आणि सुमारे ९६० किलोमीटर वाहत जाऊन वाराणसीच्या पुढे कैथीजवळ गंगेला मिळते. बर्फाच्या पाण्यावर ती जगत नाही. पावसाळ्यात पाऊस आणि एरवी मुख्यतः जमिनीतून झिरपणारे भूजल हाच तिचा आधार आहे.

एवढा एक बाण पुसला गेल्यावर चारही तासिकांची मांडणी बदलली. आधीच्या नकाशात 'भूजल' ही चौकट एका कोपऱ्यात, हातपंपाला जोडलेली होती. आता ती मध्यभागी आली आणि तिच्यापासून गोमतीकडे नवा बाण गेला, 'को पानी देता है'. मग ओघानेच पुढचा प्रश्न उभा राहिला. भूजलाचा बेसुमार उपसा झाला, तर उन्हाळ्यात नदीचे काय होईल? हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या त्या प्रकरणात नव्हता, तो नकाशातून निघाला. त्यानंतर कोणीतरी 'आपल्या नळाचे पाणी' ही चौकट वाढवली, तेव्हा आणखी एक गंमत पुढे आली. गोमती नगरच्या बऱ्याच भागाला कठौता तलावाजवळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी मिळते आणि त्या तलावात येते शारदा कालव्याचे पाणी. शारदा मात्र खरोखरच हिमालयातून येते. म्हणजे गोमतीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत मुले पितात ते पुष्कळ प्रमाणात शारदेचे पाणी, आणि ज्या हिमालयाला नकाशातून काढून टाकले होते तो दुसऱ्या बाणाने, योग्य जागी, परत आला. ब्रह्मगिरीवरून उतरणारी गोदावरी लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेल्या आपल्यासारख्यांना नदी पावसावर जगते हे सांगावे लागत नाही. पण उत्तरेत 'नदी म्हणजे बर्फ' हे समीकरण इतके घट्ट आहे, की शिक्षकाच्याही ते लक्षात येत नाही. ते लक्षात आले, याचे कारण बाणावर काहीतरी लिहिणे भाग होते.

हे काम कागदावर होत नाही का? होते, आणि वीज व संगणक नसलेल्या शाळेत कागदच उत्तम. परंतु इंटरनेटवरील नकाशाचे दोन लाभ आहेत. खोडणे सोपे असल्याने माणूस दुरुस्तीला कंटाळत नाही, आणि दूरच्या शाळेतील सहकारी त्याच नकाशावर आपली शंका नोंदवू शकतो. फ्लोरिडातील पेन्साकोला येथील आयएचएमसी या संशोधन संस्थेने सीमॅप टूल्स हा कार्यक्रम नेमका यासाठीच विकसित केला आणि तो विनामूल्य उपलब्ध करून दिला. ग्रामीण भागात एकाच शाळेत विज्ञानाचे दोन शिक्षक असणे दुर्मीळ. अशा एकट्या शिक्षकाला विषयातला सोबती मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडेही या विषयावर काम झाले आहे आणि ते मुंबईत झाले आहे, हे महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांना सांगताना मला समाधान वाटते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. मानखुर्दच्या या केंद्रातील मीना खरटमल आणि जी. नागार्जुन यांनी संकल्पना-नकाशांची एक उणीव दाखवून दिली. बाणावर कोणीही काहीही लिहू लागले, तर नकाशा संदिग्ध होतो. म्हणून 'चा भाग आहे', 'चा प्रकार आहे', 'चा गुणधर्म आहे' अशा नेमक्या संबंधशब्दांचा मर्यादित संच वापरावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रशासनात टिप्पणी लिहिणाऱ्याला यातील शहाणपण चटकन पटावे. 'संबंधित', 'बाबत', 'अनुषंगाने' हे आपले लाडके शब्द कोणताही संबंध न सांगता संबंध असल्याचा भास निर्माण करतात.

आता माझ्या मूळ चिंतेकडे येतो. हे नकाशे पाहून एका उत्साही अधिकाऱ्याने प्रस्ताव तयार केला, की प्रत्येक विज्ञान शिक्षकाने दर आठवड्याला एक नकाशा पोर्टलवर चढवावा, त्यात किमान अमुक चौकटी असाव्यात आणि त्याचा जिल्हानिहाय तक्ता दरमहा सादर व्हावा. प्रस्ताव माझ्या अभिप्रायासाठी आला. हेतू शंभर टक्के चांगला होता, परंतु परिणाम काय होईल हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती. चौकटी मोजता येतात, म्हणून चौकटी वाढतील. बाणावरचे शब्द मोजता येत नाहीत, म्हणून ते विरतील. कोणीतरी एक चांगला नकाशा करील आणि तो नाव बदलून हजार ठिकाणी चढेल. आणि चुकीच्या बाणाबद्दल खुलासा मागवला जाईल, या भीतीने कोणीही आपल्या मनातला 'हिमालय' नकाशावर ठेवणार नाही. चूक दिसणे हाच ज्या साधनाचा लाभ, ते चूक लपवण्याचे साधन होईल.

शिक्षकांची डिजिटल नोंदींविषयीची धास्ती काल्पनिक नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील परिषदीय शाळांच्या शिक्षकांसाठी डिजिटल हजेरी सुरू करण्याचा निर्णय अमलात येताच त्याला मोठा विरोध झाला आणि त्याच महिन्यात तो स्थगित करावा लागला. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो, की ज्या पडद्यावरून हजेरी मागितली जाते त्याच पडद्यावर मन मोकळे करा, असे सांगणे सोपे नाही.

याउलट एक उदाहरण पनामा या छोट्या देशाचे आहे. तेथील शासनाने २००५ च्या सुमारास सरकारी प्राथमिक शाळांत संकल्पना-नकाशांचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला आणि १,००० शाळांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवले. मला त्यातील उद्दिष्टापेक्षा पद्धत महत्त्वाची वाटते. शिक्षकांना आधी दोन आठवडे शाळेतून मोकळे करून समोरासमोर प्रशिक्षण दिले गेले, आणि त्यात त्यांनी स्वतः नकाशे काढले, मोडले, पुन्हा काढले. शासनाने आधी वेळ दिला, मग अपेक्षा ठेवली. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो.

म्हणून टिप्पणीत मी चार गोष्टी सुचवल्या. पहिली, नकाशा ऐच्छिक असावा, आणि जो करील त्याला त्या प्रकरणाच्या डायरीतून सूट मिळावी. काम वाढवून नव्हे, तर बदलून द्यावे. दुसरी, महिन्यातून एक दुपार जवळपासच्या शाळांतील विज्ञान शिक्षकांना एकत्र बसण्यासाठी अधिकृतपणे मोकळी ठेवावी. तिसरी, नकाशे तपासणी अधिकाऱ्यांना न दिसता केवळ सहकाऱ्यांना दिसावेत. आणि चौथी, अधिकाऱ्याला शाळेत जाऊन काही विचारायचेच असेल, तर 'किती नकाशे केले' असे न विचारता 'कोणता बाण बदलला' असे विचारावे. फाइल 'कृपया वार्ता करें' या शेऱ्यासह परत आली. वार्ता अद्याप व्हायची आहे. तोवर काही शाळांतील शिक्षक कोणत्याही आदेशाविना आपले नकाशे करीत आहेत, आणि आदेश न निघण्याचा हा लाभही कमी नाही.

शेवटी, परप्रांतात मुले वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी थोडेसे. माझ्या ओळखीच्या अनेक घरांत विज्ञानाचा अभ्यास घेताना भाषेची अडचण येते. आपण 'बाष्पीभवन' म्हणतो, मूल 'वाष्पन' म्हणते. आपला 'उत्कलनांक' त्याचा 'क्वथनांक' असतो, आपली 'घनता' त्याचे 'घनत्व'. इंग्रजी माध्यमात तर तिसराच शब्द. पालकांना वाटते की आपल्याला हा विषय आता शिकवता येणार नाही, आणि ते शिकवणी लावून मोकळे होतात. एखाद्या संध्याकाळी मुलासोबत नकाशा काढून पाहावा. चौकटीत त्याने त्याचा शब्द लिहावा, खाली आपण आपला लिहावा, आणि बाणावरचे वाक्य दोघांनी मिळून ठरवावे. चौकटींची नावे प्रांतागणिक बदलतात, पण पाणी तापल्यावर काय होते आणि का होते, हे सांगणारा बाण मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत एकाच दिशेला जातो. त्या बाणावर काय लिहावे यावरून घरात वाद झाला, तर तो वाद जरूर होऊ द्यावा, कारण विज्ञानाचा अभ्यास सुरू झाल्याची ती खूण आहे.