पाणघोड्याचे पाय

श्रावणात मंडणगडला गणपतीच्या शाळेत गेलं, की माझी नजर मूर्तींवर ठरत नाही. ती जाते फळीवर वाळत ठेवलेल्या शाडूच्या उंदरांकडे. उरल्या मातीतून वळलेले, कान अजून ओले, पुढच्या पायांत मोदक. बाहेर खाचरांत भात पोटरीला आलेलं असतं आणि बांधातल्या बिळातून हाच प्राणी रात्री येऊन ते कातरतो. सकाळी आडवं पडलेलं भात पाहून हळहळणारा माणूसच त्याला देवाच्या पायाशी बसवतो. ज्याची धास्ती, त्याला हाताने घडवावं, ही माणसाची फार जुनी रीत असावी.

त्या मातीच्या उंदरांवरून मला शिरूर तालुक्यातल्या इनामगावचा मातीचा बैल आठवतो. घोड नदीकाठच्या त्या वस्तीत डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केलं. सुमारे 3300 वर्षांपूर्वीच्या एका घरात, जमिनीखाली, मातीची लंबगोल पेटी पुरलेली सापडली. सोबत एक बिनडोक्याची देवी आणि एक बैल. देवीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक; मधून काडी घातली की ती त्याच्यावर नीट बसते. कुणी घातली असेल ती काडी? घरातल्या म्हातारीने, की पोटुशा सुनेने? गावात कुंभाराची भट्टी होती, लाल भांड्यांवर काळी नक्षी उठत होती; तरी ही देवी आणि हा बैल मात्र कच्चेच ठेवले. अशा मूर्ती एखाद्या विधीपुरत्याच घडवत असावेत, असं अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. काम झालं की मातीने मातीत जावं, हे आपल्याकडे अजून चालतं.

इजिप्तने नेमकं उलट केलं. मेइरच्या सेन्बी नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, सुमारे 3900 वर्षांपूर्वी, निळ्या झिलईचा वीतभर पाणघोडा ठेवला. अंगभर कमळं रंगवलेली. नाईलकाठची पिकं तुडवणारा, होड्या उलथवणारा हा प्राणी. आणि बाळंतिणीला जपणारी तावेरेत देवीही त्याच्याच रूपाची. मेलेल्याला पुन्हा जन्म मिळावा म्हणून तो सोबत हवा, पण त्याने मालकावर धावून जाऊ नये, म्हणून बहुधा मुद्दामच त्याचे पाय मोडून ठेवले.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आज तो चार पायांवर उभा आहे. त्यांतले तीन पाय नंतर बसवलेले आहेत. ते बसवायला नको होते, असं माझं मत आहे.