अंशस्थानीं काय मांडावें?

वाङ्मयीन मासिकांत आंशिक अपूर्णांकांवर लिहूं लागणाऱ्या मनुष्याविषयीं वाचकांस थोडी भीति वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आमचें अर्धें आयुष्य फळ्यापुढें गेलें. आणि तेथें ज्या एका प्रश्नानें आमची वर्षानुवर्षें सोबत केली, तो वर्गाबाहेरहि ऐकण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

एखाद्या अपूर्णांकाचें संकलन, ज्यास इंटिग्रेशन म्हणतात, तें एकदम होत नसेल तर त्याचे सोपे तुकडे पाडतात. पांच षष्ठांश म्हणजे अर्धा अधिक एक तृतीयांश, त्यांतलाच हा प्रकार. मूळ छेदाचे अवयव पाडले कीं तुकड्यांचे छेद कळतात. अंश मात्र अज्ञात असतात व ते अक्षरांनीं मानून घ्यावे लागतात. एकघाती छेदावर नुसता 'अ'. द्विघाती छेदावर मात्र 'बक्ष + क'. पाठ्यपुस्तकांत ह्याचें कोष्टक छापलेलें असतें व मुलें तें पाढ्यांप्रमाणें घोकतात. परीक्षेस तेवढें पुरतें. तथापि दोनतीन वर्षांनीं एखादा विद्यार्थी मागच्या बाकावरून भीतभीत उठतो व विचारतो, "सर, तेथेंहि नुसता 'ब' मांडला तर काय बिघडेल?" शेजारचीं मुलें हंसतात. "कोष्टक पाहा" असें सांगून त्यास खालीं बसविणारा शिक्षक त्याचे चार गुण वांचवितो आणि जिज्ञासा घालवितो.

आम्ही त्यास फळ्यापाशीं बोलावतों आणि म्हणतों, "मांडून बघ." अंश १, छेद (क्ष − १)(क्ष² + १). तो 'अ' व 'ब' मांडतो, छेद उडवितो आणि दोन्ही बाजूंचे सहगुणक जुळवूं लागतो. क्ष² पाहावा तर अ शून्य. क्ष पाहावा तर ब शून्य. आणि स्थिरपद म्हणतें, अ वजा ब बरोबर १. शून्यांतून शून्य गेलें आणि एक उरला! वर्गाचें हंसणें थांबतें. अटी तीन, अक्षरें दोन. तिसऱ्या अक्षरास जागा देतांच अ अर्धा, ब उणा अर्धा, क उणा अर्धा असें सारें सुरळीत निघतें.

ह्याचें कारण प्राथमिक शाळेंतल्या भागाकारांत आहे. तीननें भागलें तर बाकी तिनाहून लहानच उरते. द्विघाती राशीनें भागलें तर बाकी फार तर एकघाती उरते, आणि 'बक्ष + क' हें अशा प्रत्येक बाकीचें रूप आहे. अंशाचें रूपहि तेंच. छेद (क्ष − १)² असला तरी अक्षरें दोनच लागतात. फक्त संकलनाच्या सोयीसाठीं एक (क्ष − १) वर व दुसरें (क्ष − १)² वर ठेवतात.

कोणी म्हणेल, अक्षरें वायां गेलीं तर? छेद (क्ष² + १)(क्ष² + ४) असून अंश १ असेल तर चारांपैकीं दोन अक्षरें शून्य निघतात, हें खरें. परंतु तें शून्य उत्तर म्हणून आलें. आपण तें आधीं ठरविलें नव्हतें. थोरांसहि येथें चकवा पडला आहे. क्ष⁴ + १ ह्या घाटाच्या छेदाचे वास्तव द्विघाती अवयव पडत नाहींत, असें १७०२ सालीं लाइब्निट्सनें मानलें. मधल्या पदास जागा ठेवली कीं ते सांपडतात: (क्ष² + √२ क्ष + १) आणि (क्ष² − √२ क्ष + १). त्या दोहोंवरहि अंश एकघातीच मानावा लागतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस पदवीनंतर संकलन करण्याचा प्रसंग येत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु आम्हां शिक्षकांस दरवर्षीं नव्या वर्गाविषयीं कांहीं मानून घ्यावें लागतें. आणि मागच्या बाकावरील मुलाच्या नांवापुढें एक स्थिरांक मांडून मोकळें होणें फार सोपें असतें. त्याच्यासाठीं 'बक्ष + क' एवढी तरी जागा ठेवावी. ब शून्यच असावयाचा असेल तर तो त्याच्या गणितांतून निघूं द्यावा. आपल्या हातानें तो आधींच खोडून टाकण्याचा अधिकार आपणांस नाहीं.