तिघांपैकी दोन : जबाबाची किल्ली कोणाच्या हातात?



आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी गेल्या काही वर्षांत एक नवा मंत्र बसला आहे. ‘व्हॉट्सॲप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, टाक बिनधास्त.’ आणि मग टाकले जाते. पीडितेचा जबाब, डॉक्टरचा कागद, साक्षीदारांची यादी मोबाईल नंबरसकट, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक. मी याला मंत्र म्हणते, कारण म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत नसतो आणि विचारायची गरजही वाटत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी तरी ताईत बांधून फिरू नये.

अर्थ असा आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश सिग्नल प्रोटोकॉलने कुलूपबंद होऊन जातात. त्या कुलपाच्या पोटात एलिप्टिक कर्व्ह नावाचे गणित आहे, आणि त्यातली जी विशिष्ट वक्ररेषा वापरली जाते तिचे नाव कर्व्ह२५५१९. हे गणित फोडून कोणी संदेश वाचल्याचे उदाहरण समोर आलेले नाही. इथपर्यंत मंत्र खरा.

पण २०१९ च्या एप्रिल-मे मध्ये इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या एका फटीतून जगभरातल्या सुमारे १४०० फोनांत शिरले. भारतात ज्यांना तसा इशारा मिळाला त्यांत आनंद तेलतुंबडे होते, नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. कुलूप कोणी तोडले नाही. माणूस घरातच येऊन बसला. भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेच्या अर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाचे घुसखोर सॉफ्टवेअर टाकून सुमारे २२ महिने ताबा ठेवला गेला आणि बाहेरून कागद आणून ठेवले गेले. त्याच वर्षी नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तसाच अहवाल आला. एनआयएला हे निष्कर्ष मान्य नाहीत, आणि त्यावर कोर्टात जे व्हायचे ते होईल. माझा मुद्दा एवढाच की आपल्या लोकांचे जे नुकसान झाल्याचे सांगितले जाते ते वाटेत झालेले नाही, टोकाला झालेले आहे. फोनवर, लॅपटॉपवर.

मी गोंदिया तालुक्यात, कामठा आणि आसपासच्या गावांत, अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या प्रकरणांत लोकांचे म्हणणे लिहून घेते. २०१५ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात १५ अ हे कलम आले आणि पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क मिळाला. कागदावर मिळाला. धानाची रोवणी ज्याच्या बांधीत करायची त्याच्याच विरुद्ध साक्ष द्यायची असते, तेव्हा नाव फुटल्यावर कलम मदतीला येईपर्यंत मजुरी बंद झालेली असते. कामठा हे जुन्या काळी जमीनदारीचे ठाणे. जमीनदारी कायद्याने गेली, पण कोण कोणाच्या शेतावर जातो हा हिशेब अजून सगळ्यांना तोंडपाठ आहे. अशा ठिकाणी माझा फोन कोणी हिसकावला, किंवा ‘जरा दाखवा ताई’ म्हणून मागितला, तर त्या फोनमध्ये काय असेल हा माझ्यासाठी तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही.

विहारात रविवारी अभ्यासवर्ग चालतो. त्यातल्या दोन पोरांनी, एक बीसीए आणि एक बीएस्सी गणितवाला, यावर उपाय सुचवला. लिबसोडियम नावाची एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजगृह येते. इथे अर्थ वेगळा आहे. कुलूप-किल्लीचे तयार कोड, जे कोणीही फुकट घेऊन आपल्या प्रोग्राममध्ये जोडू शकतो आणि ओळ न् ओळ वाचू शकतो. त्यात ‘सील्ड बॉक्स’ नावाची सोय आहे. वकिलांची जाहीर किल्ली माझ्या फोनमध्ये असते. जबाब लिहिला, पेटीत टाकला, पेटी बंद झाली की ती मलाही उघडता येत नाही. उघडते ती फक्त वकिलांच्या खासगी किल्लीने. कोणी माझ्या हातून जबरदस्तीने उघडवू म्हटले तरी ते शक्यच नाही. मात्र मूळ मजकूर आणि गॅलरीतला फोटो पुसला पाहिजे, नाहीतर पेटीला काही अर्थ नाही.

हे दोन महिन्यांत चालू झाले आणि बरे चालले आहे. पण लगेच पुढचा प्रश्न आला. आता सगळ्या गावांचे जबाब एका वकिलाच्या एका किल्लीवर. वकिलाच्याच संगणकात कोणी बसू शकतो, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

उत्तर पोरांकडून आले नाही. वर्गाला बसणाऱ्या बचत गटाच्या एका बाईंकडून आले. गटाच्या बँक खात्यावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघींच्या सह्या नोंदवलेल्या असतात. पैसे काढायला तिघींपैकी कोणत्याही दोघी लागतात. एकटीला एक रुपया काढता येत नाही, आणि एक बाळंतपणाला माहेरी गेली तर काम अडत नाही. ‘तुमच्या किल्लीचं तसं करता येत नाही का?’

येते. आणि ते कसे, हे समजून घेताना समाजशास्त्रात एमए केलेल्या मला पहिल्यांदा गणितात चव आली.

एलिप्टिक कर्व्ह ही एक वक्ररेषा. नावात लंबवर्तुळ असले तरी ती लंबवर्तुळ नाही. तिच्यावरचे दोन बिंदू घ्या, त्यांतून सरळ रेषा काढा, ती वक्राला आणखी एका जागी भेटते. त्या जागेचे आरशातले प्रतिबिंब म्हणजे पहिल्या दोन बिंदूंची ‘बेरीज’. बिंदू अधिक बिंदू बरोबर बिंदू, आणि उत्तर पुन्हा त्याच वक्रावर. संगणकात हे चित्र काढून नाही, एका मोठ्या मूळ संख्येने भागून उरलेल्या बाकीवर चालते. अशा बंदिस्त जमावाला गणितात गट म्हणतात. बाईंनी विचारले, ‘मंग ह्या गटात मेंबर किती?’ बीएस्सीवाल्याने सांगितले, जी संख्या आहे ती ७६ अंकी. सगळे हसले, पण सगळी सुरक्षा तिथेच आहे. एक बिंदू स्वतःतच ठरावीक वेळा मिळवत जाणे संगणकाला क्षणाचे काम आहे. उत्तरावरून किती वेळा मिळवला हे ओळखणे आज कोणालाही जमत नाही. ‘किती वेळा’ ही खासगी किल्ली, उत्तराचा बिंदू ही जाहीर किल्ली.

(कोणीतरी म्हणेलच की हे आमच्या वेदांत होते. दोन उत्तरांवरून तिसरे काढण्याची एक रीत ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये खरोखर मांडली, समीकरण वेगळे होते. श्रेय ब्रह्मगुप्ताला द्या. वेदांना कशाला? एलिप्टिक कर्व्हवर कुलपे बांधण्याची कल्पना १९८५ ची, नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांची.)

आता तिघांपैकी दोन. शाळेत शिकलो की दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते आणि एका बिंदूतून कितीही. किल्लीची संख्या रेषेच्या सुरुवातीला ठेवायची आणि रेषेवरच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पायरीवरच्या संख्या तिघांना वाटायच्या. एकट्याच्या वाट्यावरून काहीच कळत नाही. दोघे मिळाले की रेषा ठरली. ही युक्ती आदि शामिर यांची, १९७९ ची. वक्राच्या गटामुळे त्यात भर अशी पडते की दोघांना आपले वाटे एकत्रही आणावे लागत नाहीत. प्रत्येकाने आपापल्या घरी पेटीसोबत आलेला बिंदू आपल्या वाट्याने गुणायचा आणि फक्त उत्तर पाठवायचे. पहिल्याच्या उत्तराची दुप्पट वजा दुसऱ्याचे उत्तर, आणि पेटी उघडली. किल्ली स्वतः कोणाच्याच संगणकात अखंड जमली नाही. सुरुवातीला तरी ती कुठेतरी अखंड असणारच, ही शंका रास्त आहे. त्यासाठी तिघांनीही आपापली रेषा आखायची, एकमेकांना वाटे द्यायचे आणि आलेले वाटे मिळवायचे.

इथे पोरांची गाडी अडली. पहिला आणि तिसरा आले तर मध्येच दोनने भागावे लागते. कर्व्ह२५५१९ चा पूर्ण गट हा एका प्रचंड मूळ संख्येच्या आठपट आहे, आणि त्या आठामुळे त्यात ‘अर्धा’ एकच निघत नाही. शिवाय कोणी मुद्दाम त्या आठांतला भेसळीचा बिंदू पाठवला तर गुणाकारातून वाट्याची थोडीशी माहिती गळते. म्हणून आलेला प्रत्येक बिंदू तपासावा लागतो, आणि प्रोग्रामर विसरतो. मोनेरो या चलनाच्या कोडमध्ये नेमकी हीच तपासणी राहून गेली होती. २०१७ मध्ये उघड झाले की तिच्यामुळे कोणालाही फुकटची नाणी पाडता आली असती. यावरचा तोडगा म्हणजे रिस्ट्रेटो२५५: त्याच वक्रावर असा गट बांधलेला की त्याची सदस्यसंख्या मूळ संख्याच, आठाचा कचरा बाहेर. लिबसोडियममध्ये तो आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा नियम आरएफसी ९४९६ म्हणून सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. पोरांनी तो घेतला आणि भागाकार सुटला.

आमचे हे काम पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या इंजिनिअरला दाखवले, तर तो म्हणाला, या क्षेत्रातला पहिला नियम आहे, स्वतःची क्रिप्टोग्राफी स्वतः लिहू नका. वर्गात यावर दोन रविवार वाद झाला. काहींना त्यात जुना वास आला: ज्ञानाला हात लावू नका, तुमचा अधिकार नाही.

मला ते पूर्ण पटत नाही. मनाई आणि इशारा यांत फरक आहे, आणि फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. कारण विचारले तर मिळते का? मनुस्मृतीच्या मनाईला कारण नव्हते, शिक्षा होती. इंजिनिअरच्या इशाऱ्याला कारण आहे, नुकतेच सांगितलेले मोनेरोच आहे, आणि चूक कुठे झाली हे आपण वाचू शकतो. ‘कुलूप स्वतः बनवू नका’ हे ऐकावे. ‘कुलूप उघडून बघू नका’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नये.

उघडून न बघितल्याने काय होते, तेही एलिप्टिक कर्व्हनेच दाखवले. २००६ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ड्युअल ईसी नावाचा यादृच्छिक संख्या देणारा जनरेटर प्रमाणित केला. त्यात वक्रावरचे दोन बिंदू ठरवून दिलेले होते. दुसरा बिंदू कुठून आणला, याचे तपासता येईल असे उत्तर नव्हते. २००७ मध्ये डॅन शुमोव आणि नील्स फर्ग्युसन यांनी दाखवले की त्या दोन बिंदूंचे नाते ज्याला माहीत असेल त्याला पुढच्या सगळ्या संख्या ओळखता येतील. तरीही आरएसए कंपनीच्या बीसेफ लायब्ररीत तोच जनरेटर मूळ पर्याय म्हणून बसून राहिला. २०१३ मध्ये स्नोडेनच्या कागदांतून एनएसएचा हात दिसला, २०१४ मध्ये एनआयएसटीने तो मागे घेतला. मोठ्या संस्थेने सांगितले म्हणून मानले, एवढेच घडले होते.

कर्व्ह२५५१९ चा प्रकार उलटा. डॅनियल बर्नस्टाईन यांनी प्रत्येक आकड्याचे कारण छापले. दोनचा २५५ वा घात वजा १९ ही मूळ संख्या का, तर संगणकावर हिशेब वेगाने होतो. समीकरणात ४८६६६२ का, तर सांगितलेल्या अटी पाळणारी ती सर्वांत लहान संख्या. पडताळायचे तर कोणीही पडताळावे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ आणि गुरू यांच्या नावावर काही मानू नका असे सांगितले, ते आपण वर्षावासात दरवर्षी वाचतो. एहिपस्सिको, या आणि पाहा. ते गणितालाही लागू आहे, आणि इथे पाहायला लॅपटॉप लागतो, जानवे लागत नाही.

म्हणून आम्ही ठरवले ते असे. खरे जबाब फक्त सील्ड बॉक्समध्ये, कारण तो जगभरच्या डोळ्यांखालून गेलेला आहे. तिघांपैकी दोनचा आमचा प्रोग्राम खोट्या जबाबांवरच चालेल, जोवर बाहेरचे दोन जाणकार तो वाचून लेखी दोष दाखवत नाहीत तोवर. कोड उघडा ठेवला आहे. आपल्यातली जी मुले पुण्या-बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि १४ एप्रिलला वर्गणी पाठवतात, त्यांनी यंदा वर्गणीऐवजी दोन रविवार द्यावेत. गणित येणाऱ्यांनी रिस्ट्रेटोचा भाग बघावा, न येणाऱ्यांनी फोन हरवला तर काय होईल तो भाग बघावा. दुसरा जास्त अवघड आहे.

तिघे कोण, हे मात्र अजून ठरलेले नाही. वकील साहेब एक. एक निवृत्त गुरुजी. तिसऱ्या वाट्यासाठी पोरांनी बचत गटाच्या त्या बाईंचे नाव घेतले, तेव्हा एक-दोन ज्येष्ठ कुजबुजले की त्यांना कॉम्प्युटर जमेल का. बाई म्हणाल्या, जमवू, पण आमच्या गटाचा एक नियम आहे, सहीवाल्या दोघी एका घरच्या नकोत. मग त्यांनी वकील साहेबांकडे आणि गुरुजींकडे पाहिले. दोघे साडू आहेत. दुसऱ्या नावाचा शोध चालू आहे.