पालीच्या तिठ्यावरची पारख

रत्नागिरीहून निघून हातखंब्याला मुंबई-गोवा रस्ता धरला की थोड्याच वेळात पाली येते. गाव तसे लहान, पण मोक्याचे. येथून एक वाट लांजा-राजापूरवरून गोव्याकडे जाते. दुसरी नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढते आणि कोल्हापूर गाठते. पाऊस सरून जांभ्याची तांबडी धूळ उडू लागली, की या वाटांवर मोटरसायकलींचे तांडे दिसू लागतात. त्यातून गोव्यात मोटरसायकलवाल्यांचा मेळा असला, तर पाहायलाच नको!

एमएच-०८ आणि एमएच-०९, म्हणजे रत्नागिरी आणि कोल्हापूर, येथे चहाला शेजारी उभ्या राहतात. मग गाड्यांची पारख सुरू होते. पुस्तकाची जशी दुर्मिळ आवृत्ती, तशी गाडीचीही असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. कारखान्याच्या वर्धापनानिमित्त मोजक्याच गाड्या निघतात आणि पुढे हौशी माणसे त्यांना जादा दाम मोजतात. जेथे जादा दाम, तेथे नक्कल आलीच!

जावाचेच पाहा. १९२९ सालच्या पहिल्या जावाची नव्वदी म्हणून २०१९ साली भारतात अवघ्या ९० गाड्या निघाल्या. रंग त्या पहिल्या गाडीसारखा, गडद तांबडा आणि हस्तिदंती. टाकीवर ज्या त्या गाडीचा क्रमांक. रॉयल एनफील्डने २०२१ साली १२० वर्षे साजरी केली. भारताच्या वाट्याला १२० गाड्या आल्या, ६० इंटरसेप्टर आणि ६० कॉन्टिनेन्टल जीटी. त्या १२० सेकंदांत संपल्या! टाकीला काळसर क्रोमची झळाळी, इंजिन काळे, हाताने ओढलेल्या बारीक रेघा आणि ओतीव पितळी बिल्ला. तो घडवला कुंभकोणमच्या मूर्तिकार घराण्याने. एरवी पितळ उघडे पडले म्हणजे फजिती. येथे पितळ दिसले तरच प्रतिष्ठा!

पण वाचकहो, रंगावर भुलू नका. रंगारी रंग देतो, बिल्ला ओतून मिळतो आणि टाकी तर चार बोल्ट काढले की बदलते. खरी साक्ष देते ते सांगाड्यावर ठोकलेले अक्षर. हॅण्डलखालच्या मानेवरचा चॅसिस क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. घासलेली जागा दिसली, की पुढे बोलणेच नको. पुस्तकात गाडीच्या घडणीचा महिना आणि साल असते. ६५० सी.सी.च्या या जोड-इंजिनाच्या गाड्या आपल्याकडे २०१८ सालापासून विकल्या जात आहेत. तेव्हा २०१९ साली घडलेली गाडी २०२१ च्या उत्सवाची कशी असेल? तिला सजवलेली साधी गाडीच म्हणायचे. पुस्तकात रंगही नोंदलेला असतो. शेवटी चॅसिस क्रमांक कंपनीला कळवून लेखी होकार मागवावा. तो येईपर्यंत बयाणा देऊ नये.

घरातला मुलगा साठवलेले पैसे घेऊन अशा गाडीमागे निघाला, तर त्याला नाउमेद करू नका. एवढे मात्र शिकवून पाठवा. आंबा घाट साधी गाडीही झोकात चढते. जादा पैसे मोजायचे ते केवळ खरेपणासाठी. आणि तो टाकीवर नव्हे, लोखंडात आणि कागदात पाहायचा असतो.